युद्धस्मारकांवरचं लॅटिन कसं वाचायचं?

पिंपळपान
मंडळी, थोडी मदत हवी आहे. इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात राहतो. मुलाच्या शाळेच्या हॉलमध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या नावांचा मोठा लाकडी फलक आहे. वर सोनेरी अक्षरांत एक लॅटिन ओळ आणि खाली दोन रोमन आकडे. इथे सगळं देवनागरीतच देतो:

इन पियाम मेमोरियाम आलुम्नोरुम हुयुस स्कोलाए क्वी प्रो पात्रिया केकिदेरुंत
एम-सी-एम-एक्स-आय-व्ही ते एम-सी-एम-एक्स-आय-एक्स

हे उच्चारही मी नंतर शोधून लिहिलेत. फलकावर 'यू' कुठेच नाही, सगळीकडे 'व्ही' कोरलाय, त्यामुळे चिरंजीव 'अल्व्हम्नोर्व्हम' असं वाचून दाखवत होते. मोबाइलमधल्या भाषांतराने "ज्यांनी देशासाठी कापले" असा अर्थ काढला. काय कापलं? कुणी कापलं? इथे कुणाला लॅटिन येतं का? आणि अशा ओळी वाचायची काही युक्ती असते का? इकडे प्रत्येक चर्चमध्ये, चौकात, स्टेशनात अशा पाट्या दिसतात.

उकडीचा मोदक
पहिल्या ओळीतलं फक्त 'मेमोरियाम' कळलं. पॉपकॉर्न घेऊन बसतो. रोमहर्षक यांना कुणीतरी हाक मारा.

रोमहर्षक
मारली हाक, आलो.

पिंपळपान, शाळेत संस्कृत घेतलं होतं का? दहावीला मार्कांसाठी घेतलं असेल तरी चालेल. मग तुमचं निम्मं काम झालंय. लॅटिनमध्ये शब्दांचा क्रम बघायचा नाही, शेपटी बघायची. विभक्ती ओळखली की वाक्य आपोआप सुटतं. इंग्रज पोरांना हे समजवायला मास्तरांना वर्षं लागतात, आपण 'रामः रामौ रामाः' घोकून आलेले असतो.

तुमची ओळ:

'इन पियाम मेमोरियाम'. शेवटी 'आम' म्हणजे द्वितीया एकवचन. पुण्य स्मृतीसाठी, स्मृत्यर्थ.
'आलुम्नोरुम'. 'ओरुम' म्हणजे षष्ठी बहुवचन, आपल्या 'देवानाम्' मधल्या 'आनाम्'च्या जागी. विद्यार्थ्यांच्या.
'हुयुस स्कोलाए'. दोन्ही षष्ठी एकवचन. या शाळेच्या.
'क्वी'. जे.
'प्रो पात्रिया'. 'प्रो'नंतर जी विभक्ती येते ती साधारण आपली पंचमी. देशासाठी.
'केकिदेरुंत'. 'एरुंत' हा भूतकाळ, तृतीय पुरुष, बहुवचन. पडले.

म्हणजे: 'देशासाठी पडलेल्या या शाळेच्या विद्यार्थ्यांच्या पुण्यस्मरणार्थ'. 'पडले' आपल्याकडेही बखरींत याच अर्थाने येतं, त्यामुळे मराठीत ते अजिबात खटकत नाही.

आता कापाकापी. लॅटिनमध्ये 'कादो' म्हणजे पडणे आणि 'काएदो' म्हणजे तोडणे, ठार मारणे. दोघांचंही 'त्यांनी भूतकाळात केलं' हे रूप लिहिताना सारखंच दिसतं. फरक फक्त मधल्या 'कि'चा, ऱ्हस्व की दीर्घ. दगडावर किंवा फळ्यावर ऱ्हस्व-दीर्घ दाखवत नाहीत. मोबाइलने दुसरा धातू उचलला. पण तोडणाऱ्या क्रियापदाला कर्म लागतं आणि या ओळीत कर्मच नाही, म्हणून 'पडले'च.

'यू'च्या जागी 'व्ही' असण्याचं कारण सोपं आहे. रोमन लोकांच्या मोठ्या कोरीव अक्षरांत 'यू' नव्हताच. विसाव्या शतकातल्या कारागिरांनी ती जुनी ऐट मुद्दाम राखली. 'जे'च्या जागी 'आय' दिसला तर तोही त्यातलाच प्रकार.

अनाहत
वाचनखूण साठवली. आकड्यांचं काय? १९१४ ठीक आहे, पण युद्ध १९१८ ला संपलं ना? फलकावर तर १९१९ आहे.

रोमहर्षक
११ नोव्हेंबर १९१८ ला झाली ती शस्त्रसंधी. तोफा थांबल्या एवढंच. जर्मनीशी व्हर्सायचा तह झाला २८ जून १९१९ ला, म्हणून बऱ्याच स्मारकांवर १९१९ सापडतं. लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या सेनोटाफ या युद्धस्मारकावर हेच दोन आकडे आहेत. तो ल्यूटेन्स या वास्तुविशारदाने केला, दगडी स्वरूपात ११ नोव्हेंबर १९२० ला खुला झाला. गंमत म्हणजे त्यावर आकडे रोमन, पण शब्द इंग्रजी आणि तेही तीनच, 'वैभवशाली मृत' अशा अर्थाचे. त्याच ल्यूटेन्सच्या दिल्लीच्या इंडिया गेटवर 'इंडिया' या शब्दाच्या दोन बाजूंना तेच दोन आकडे आहेत. रोज हजारो लोक त्यासमोर फोटो काढतात, पण ते वाचणारे किती असतील देव जाणे.

रोमन आकडे वाचताना एकच लक्षात ठेवायचं. लहान अक्षर मोठ्याच्या आधी आलं की वजा, नंतर आलं की अधिक. एम म्हणजे हजार, 'सी-एम' म्हणजे हजारातून शंभर वजा, नऊशे. 'एक्स' दहा, 'आय-व्ही' चार. झाले १९१४. काही कारागीर वजाबाकी न करता नऊशेसाठी 'डी-सी-सी-सी-सी' असं लांबलचक कोरतात. ती चूक नव्हे. कोलोसियमच्या दारांवर खुद्द रोमन लोकांनी ५४ हा आकडा 'एल' आणि पुढे चार दांड्या असाच कोरलाय.

खडकवासी
मुंबईकरांनो, लांब जायला नको. गेटवे ऑफ इंडियाच्या माथ्यावरचा लेख इंग्रजीत आहे, पण राजा-राणी उतरले ते साल आकड्यांत नाही, 'एम-सी-एम-एक्स-आय' असं आहे. म्हणजे १९११. कबुतरं चुकवत मान वर केली तर दिसतं.

आमच्या खडकीबद्दलही सांगतो. तिथली युद्ध-दफनभूमी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन सांभाळतं. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत. शिवाय पहिल्या महायुद्धात भारतात मेलेल्या, ज्यांच्या कबरी इतरत्र विखुरल्या आहेत अशा १,८०० हून अधिक जणांची नावं आहेत. प्रत्येक शिळेवर रेजिमेंटचं बोधचिन्ह कोरलेलं असतं आणि खरं लॅटिन तिथे लपलेलं असतं. तोफखान्याच्या जवानाच्या शिळेवर तोफ, वर 'उबीक्वे' आणि खाली 'क्वो फास एत ग्लोरिया दुकुंत'. उबीक्वे म्हणजे सर्वत्र. पुढचं म्हणजे 'जिथे धर्म आणि कीर्ती नेतील तिथे', चूकभूल रोमहर्षक बघतील.

आता आपल्या सैन्याकडे बघा. इंजिनिअर्सचं ब्रीद 'सर्वत्र', तोफखान्याचं 'सर्वत्र इज्जत-ओ-इक़बाल'. इंग्रज गेले, लॅटिन गेलं, अर्थ मात्र तसाच राहिला. पहिला शब्द संस्कृतात गेला, उरलेले उर्दूत. देवळालीला तोफखान्यातल्या कुणालाही विचारा, ब्रीद तोंडपाठ असतं, पण ते मुळात लॅटिन होतं हे माहीत नसतं.

रोमहर्षक
बरोबर आहे. 'फास' म्हणजे देवाधर्माला मान्य असलेलं, कोर्टातला कायदा नव्हे. त्यामुळे 'धर्म' चपखल. 'उबीक्वे' तोफखाना आणि इंजिनिअर्स या दोघांना १८३२ साली मिळालं. सगळ्याच लढायांत असल्यामुळे एकेका लढाईचं नाव झेंड्यावर लिहिण्यापेक्षा एकच शब्द दिला.

बोधचिन्हांमध्ये आपल्याशी थेट नातं असलेलं अजून एक आहे. डॉर्सेटशायर रेजिमेंट. किल्ला, किल्ली आणि खाली पट्टीवर 'प्रिमुस इन इंदिस'. 'हिंदुस्थानात पहिले'. त्यांची मूळ पलटण, ३९ वी, १७५७ ला प्लासीला होती. राजाच्या सैन्यातली भारतात आलेली ती पहिली पलटण, त्याची ही फुशारकी. आणि याच रेजिमेंटची दुसरी बटालियन १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) पूना डिव्हिजनमध्ये होती, ११७ व्या मराठा पलटणीसोबत एकाच ब्रिगेडमध्ये. दोघंही कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडले. २९ एप्रिल १९१६ ला त्यांचा सेनापती टाउनशेंड याने शरणागती पत्करली.

तिरकस
छान चाललंय, पण मूळ प्रश्न कुणी विचारतच नाहीये. हे लॅटिन कुणासाठी? खंदकात मेलेला शेतमजूर असो की कोळसेखाणीतला पोरगा, त्याला लॅटिन येत होतं का? त्याच्या आईला येत होतं का? ज्या साहेबांच्या शाळांत लॅटिन शिकवायचे त्यांनी आपल्या भाषेत आपल्या पोरांची स्मारकं लिहिली. आणि 'देशासाठी मरणं गोड' वगैरे भंपकपणाही लॅटिनमधूनच आला. इंग्रजीत असं उघड लिहायला लाज वाटली असती.

रोमहर्षक
तुम्ही म्हणता ती ओळ होरेस या रोमन कवीची, 'दुल्के एत देकोरुम एस्त प्रो पात्रिया मोरी'. 'देशासाठी मरणं गोड आणि शोभून दिसणारं आहे'. यातला 'मोरी' आपल्या 'मृ' धातूचा सख्खा भाऊ. सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीच्या चॅपेलमध्ये ही ओळ आहे, अमेरिकेत आर्लिंग्टनच्या स्मारक-सभागृहाच्या पश्चिम दारावर आहे, आणि कितीतरी शाळांच्या फलकांवर आहे. विल्फ्रेड ओवेन या इंग्रज सैनिक-कवीने याच ओळीला 'जुनं असत्य' म्हणणारी कविता लिहिली आणि ४ नोव्हेंबर १९१८ ला, शस्त्रसंधीच्या आठवडाभर आधी, तो मारला गेला.

पण स्मारकवाल्यांनी होरेसची एकच ओळ कापून घेतली. पुढच्या ओळीत तो म्हणतो, 'पळून जाणाऱ्या माणसाच्याही मागे मृत्यू लागतोच'. म्हणजे मूळ बोलण्यात धाक आहे. मराल तर दोन्हीकडून, मग पळता कशाला? आणि हे सांगणारे होरेसबुवा स्वतः फिलिप्पीच्या लढाईतून (इसपू ४२) ढाल टाकून पळाले होते. ते त्यांनीच दुसऱ्या एका कवितेत मजेत कबूल केलंय. हे कुठल्याच दगडावर येत नाही.

उकडीचा मोदक
=)) ढाल टाकून पळालेल्या माणसाची ओळ लष्करी अकादमीत! यावरच वेगळा धागा काढा.

तिरकस
म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला.

रोमहर्षक
अर्धाच. लॅटिन म्हणजे नुसता भंपकपणा नाही, कधीकधी ते जिवंत भाषेत बोलता येणार नाही असं बोलतं, चांगलंही आणि भयंकरही. दोन लेख देतो, दोन्हींत एकच धातू आहे, 'विंको', जिंकणे.

पहिला बर्लिनच्या विद्यापीठातला, १९२६ चा. त्यांचेही विद्यार्थी युद्धात मेले होते. राइनहोल्ड झेबर्ग नावाच्या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाने तीन शब्द दिले: 'इन्विक्टिस विक्टी विक्टुरी'. क्रियापद नाही, दोनच विभक्त्या आणि संपलं. 'इन्विक्टिस' चतुर्थी बहुवचन, न हरलेल्यांना. 'विक्टी' प्रथमा, हरलेल्यांकडून. 'विक्टुरी' भविष्यकाळाचं धातुसाधित, जे पुढे जिंकणार आहेत. म्हणजे 'तुम्ही रणांगणात हरला नाहीत, आम्ही मागे राहिलेले हरलो, पण आम्ही पुन्हा जिंकू'. 'आपलं सैन्य हरलंच नाही' हा त्या काळच्या जर्मनीतला लाडका समज त्या पहिल्या शब्दात भरलाय, आणि पुढच्या युद्धाची सुपारी तिसऱ्या शब्दात. वर चलाखी अशी की 'विक्टुरी' हे रूप 'विवो' म्हणजे जगणे या धातूचंही होतं. 'जिंकणार' म्हणा किंवा 'जगणार' म्हणा. राजदूताने नुसतं वाचून हरकत घ्यावी तरी पंचाईत.

दुसरा फ्रान्समध्ये नॉर्मंडीतल्या बाय्यो गावातला. १९४४ च्या लढाईत मेलेल्या आणि ज्यांची कबर सापडली नाही अशा १,८०० हून अधिक कॉमनवेल्थ सैनिकांची नावं असलेलं स्मारक आहे. वर ओळ: 'नोस आ गुलिएल्मो विक्टी विक्टोरिस पात्रियाम लिबेराविमुस'.

नोस: आम्ही. (संस्कृत 'नः' आठवा.)
आ गुलिएल्मो: विल्यमकडून.
विक्टी: जिंकले गेलेले.
विक्टोरिस: जेत्याची, षष्ठी.
पात्रियाम: मायभूमी, द्वितीया.
लिबेराविमुस: आम्ही मुक्त केली.

विल्यम म्हणजे १०६६ ला नॉर्मंडीतून येऊन इंग्लंड जिंकणारा. त्या स्वारीचा प्रसिद्ध भरतकामाचा पट याच गावाच्या नावाने ओळखला जातो. आणि ६ जून १९४४ ला इंग्रज समुद्र ओलांडून उलट दिशेने आले. जवळजवळ नऊशे वर्षांचा हिशेब सहा-सात शब्दांत, तोही बढाई न मारता. 'विक्टी' आणि 'विक्टोरिस' शेजारीशेजारी ठेवलेत, हरलेला आणि जेता खांद्याला खांदा लावून. ही करामत फक्त विभक्तीच्या भाषेत जमते. मी पाहिलेल्या सगळ्या युद्धस्मारकांत मला हा लेख सर्वांत सरस वाटतो.

अनाहत
अंगावर काटा आला. बर्लिनचाही, बाय्योचाही. वेगवेगळ्या कारणांनी.

सातारी
मी तिरकस यांच्या बाजूचा. आमच्या सातारा जिल्ह्यात गावोगावी संगमरवरी पाट्या आहेत. 'या गावातून इतके पुरुष १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले', असं इंग्रजीत. लॅटिन नाही, पण गावाला इंग्रजी तरी कुठे येत होतं? आणि नावं कुठेच नाहीत, फक्त आकडे. अपशिंग्याला तर लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. घरटी माणूस फौजेत.

तिरकस
हेच. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये जाऊन बघा. १८३८ ते १८४३ च्या सिंध-अफगाण मोहिमांचं स्मारक, १८५८ ला झालं. गाभाऱ्याच्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावं. साध्या शिपायांबद्दल लेखच सांगतो की ते इतके होते की नोंदवणं शक्य नाही. भाषा इंग्रजी असो की लॅटिन, यादी कुठे थांबते ते बघा.

खडकवासी
पूना डिव्हिजनचा विषय निघालाच आहे तर, मेसोपोटेमियात ज्यांची कबर नाही त्यांचं स्मारक बसऱ्याला आहे, चाळीस हजारांहून जास्त जणांचं. १९९७ ला सद्दामच्या हुकमाने ते जागचं हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेलं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, हिंदी पलटणींच्या अधिकाऱ्यांची नावं आहेत, आणि त्याखाली 'व इतर अमुक हिंदी सैनिक'. कुतमधले मराठे त्या 'इतर'मध्ये. वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ साली स्वतःच अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला.

रोमहर्षक
यावर वाद नाही. फक्त दुसरी बाजू म्हणून फ्रान्समधलं नव-शापेलचं भारतीय स्मारक सांगतो. १९२७ चं, हर्बर्ट बेकरने केलेलं. ४,७०० हून अधिक नावं, शिपायांसकट. तिथे लॅटिन वापरलं नाही. स्तंभावर 'देव एक आहे, विजय त्याचा' अशा अर्थाची ओळ इंग्रजीत आणि तशाच ओळी अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत. म्हणजे कुणाला काय वाचता येईल याचा विचार करणंही त्याच लोकांना जमत होतं, मनात आलं तर.

तिरकस
मनात आलं तर. मी थांबतो.

मांडवीकाठ
गोव्याहून. आमच्याकडे जुन्या गोव्यात आस्सिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चची सगळी फरशी म्हणजे थडग्यांच्या शिळाच आहेत, कुळांच्या चिन्हांसकट. पण ते लेख बहुतेक पोर्तुगीज, त्यामुळे विभक्तीची भानगड नाही. मला विचारायचंय ते वेगळं. एका हिल स्टेशनच्या चर्चमध्ये सैनिकाच्या पितळी पाटीवर 'ए. एम. डी. जी.' आणि खाली 'आर. आय. पी.' होतं. दुसरं माहीत आहे. पहिलं काय?

रोमहर्षक
'आद माइओरेम देई ग्लोरियाम', देवाच्या अधिक मोठ्या वैभवासाठी. जेझुइट या कॅथलिक संघाचं ब्रीद, पण इंग्रज प्रोटेस्टंटांनीही पाट्यांवर सर्रास वापरलं.

'आर. आय. पी.' माहीत आहे म्हणता, तर त्यातलीही गंमत घ्या. ते इंग्रजी नाही. 'रेक्विएस्कात इन पाके', तो शांत विसावो. आज्ञार्थ-आशीर्वाद, आपल्या 'भवतु'सारखा. अनेकांसाठी असेल तर 'रेक्विएस्कांत', मध्ये एक 'न' वाढतो. यादी लांब आणि शेवटी 'न' नसेल तर समजायचं की कारागिराने नेहमीचा साचा वापरलाय.

अजून नेहमी येणारे म्हणजे 'ओबीट' (मरण पावला), 'एटाटिस' किंवा नुसतं 'एट.' (वयाच्या), आणि शेवटी 'पोसुइट' किंवा 'पोसुएरुंत' (बसवला, बसवले). हा शेवटचा शब्द दिसला की त्याच्या आधीचं प्रथमेतलं नाव शोधा. पैसे कुणी दिले ते तिथे कळतं. 'प्रो रेगे' म्हणजे राजासाठी. बेल्जियममधल्या ईप्रच्या मेनिन गेट या स्मारकावर 'प्रो पात्रिया'च्या जोडीला ते आहे.

पिंपळपान
भरभरून मिळालं, सगळ्यांना धन्यवाद. मुलाला तुमच्या पद्धतीने शेपट्या ओळखायला लावल्या. 'ओरुम' दिसलं की 'षष्ठी!' म्हणून ओरडतो. आता एक व्यावहारिक प्रश्न. गावच्या चर्चबाहेर क्रूस आहे, त्यावरची अक्षरं इतकी झिजलीत की फोटोत काही येत नाही. पाणी मारून किंवा खडू फिरवून वाचतात म्हणे, ते करू का?

रोमहर्षक
खडू, पीठ, तारेचा ब्रश यातलं काहीही नको. दगडाचं नुकसान होतं आणि इंग्लंडात अशी बरीच स्मारकं संरक्षित आहेत, उगाच नोटीस यायची. संध्याकाळी अंधारात जा, टॉर्च दगडाला चिकटवून अगदी आडवा धरा आणि फोटो समोरून काढा. उजेड आडवा आला की खोलगट अक्षरांत सावली भरते. एकदा डावीकडून, एकदा वरून. आपले शिलालेख वाचणारेही हेच करतात.

सातारी
आमच्या गावच्या पाटीला दर पंधरा ऑगस्टच्या आधी उत्साही मंडळी ऑइल पेंट फासतात. अक्षरं आता बुजतच आलीत. आकडा ३ आहे की ८ यावर पारावर भांडणं होतात. टॉर्चने रंगाखालचं दिसेल का?

रोमहर्षक
थर पातळ असेल तर दिसेल. ३ आणि ८ मधला फरक डाव्या बाजूला असतो, म्हणून टॉर्च डावीकडून धरा. रंग मात्र खरवडू नका, पुरातत्त्व खात्यातल्या कुणाला तरी दाखवा. आणि या वर्षी पेंटचा डबा लपवून ठेवा.

सातारी
डबा सरपंचांच्या घरी असतो. बघतो काय जमतंय. फोटो याच धाग्यावर टाकतो.